हेल काउंटी, अलाबामा: खांबांची घरं आणि बाकीची घरं

अमेरिकेच्या साउथमधली जुनी घरं बघायची म्हटलं की लोक डोळे झाकून चार्ल्सटन सांगतात, नाहीतर सव्हाना, फार तर नॅचेझ. चांगलीच आहेत ती गावं, नाही म्हणत नाही, पण तिथे सगळं इतकं रंगवून पुसून ठेवलंय की दोन तासांनी आपण लग्नाच्या हॉलमध्ये फिरतोय असं वाटायला लागतं. मला कोणी विचारलं तर मी अलाबामातल्या हेल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) पाठवतो. टस्कलूसाहून दक्षिणेला हायवे ६९ धरायचा, तासाभराच्या आत तुम्ही काउंटीच्या पोटात असता. आजूबाजूला शेतं, पाइनची झाडं, कॅटफिशची तळी, आणि मधेमधे अशी घरं की गाडी आपोआप स्लो होते.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा गाळा.

ही काउंटी तशी उशिराची, सिव्हिल वॉर, म्हणजे उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध, संपल्यावर १८६७ मध्ये ग्रीन, मरेंगो, पेरी आणि टस्कलूसा या काउंट्यांचे तुकडे काढून केलेली. नाव दिलं स्टीफन हेलचं. हा वकील, गुलामी टिकावी म्हणून अलाबामानं युनियनमधून, म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यातून, फुटावं आणि केंटकीनंही आपल्यासोबत यावं अशी गळ घालायला १८६० मध्ये केंटकीच्या गव्हर्नरकडे गेला होता, पुढे १८६२ मध्ये लढाईत मेला. म्हणजे युद्ध हरल्यानंतर नवी काउंटी केली आणि तिला नाव दिलं ते याचं, यावरून तेव्हाची हवा कळते. जमीन ब्लॅक बेल्टची, खाली खडूसारखा चुनखडक आणि वर काळी चिकट माती. कापसाला एकदम झकास, म्हणून मळेवाले आले आणि मळेवाल्यांसोबत हजारो गुलाम माणसं आणली गेली. कापूस गेला, लोकही गेले. १९०० मध्ये इथे ३० हजारांच्या वर वस्ती होती, २०२० च्या जनगणनेत १५ हजारही भरली नाही. आता तळ्यांमध्ये कॅटफिश पाळतात.

तर लोकसंख्या निम्मी झाली की काय होतं, बांधलेलं पाडायला कोणाकडे कारण नसतं. नवीन मॉल नाही, नवीन अपार्टमेंट नाही, जुनं आहे तसं उभं राहतं किंवा उभ्या उभ्या कुजतं. आणि यातलं काय उभं राहिलं आणि काय कुजलं हे नीट बघितलं ना, की लाकूड कुठलं होतं, विटा कशा होत्या याचा संबंध फार थोडा, घर कोणाचं होतं याचाच जास्त, असं माझं मत पक्कं होत गेलंय. इथे ते जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं मला तरी दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

काउंटीचं मुख्य गाव ग्रीन्सबरो. मेन स्ट्रीट म्हणजे दोन्ही बाजूंना विटांची जुनी दुकानं, आणि त्याच रस्त्यानं पुढे जात राहिलं की मोठमोठी झाडं आणि त्यामागे पांढऱ्या खांबांची घरं सुरू होतात. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, घोडदळानं १८६५ मध्ये टस्कलूसा आणि सेल्मामध्ये बरंच काही जाळलं, ग्रीन्सबरो त्यातून वाचलं, म्हणून इथे सिव्हिल वॉरच्या आधीची घरं एवढ्या संख्येनं आहेत. बहुतेक खाजगी आहेत, लोक राहतात त्यात, रस्त्यावरून बघायची आणि पुढे जायचं. आत जाता येईल असं म्हणजे मॅग्नोलिया ग्रोव्ह.

हे साधारण १८४० च्या सुमाराला आयझॅक क्रूम नावाच्या मळेवाल्यानं बांधलं. मळा वेगळीकडे, हे गावातलं घर. पंधरा एकरांत मॅग्नोलियाची झाडं आणि मधे हे ग्रीक देवळासारखं दिसणारं प्रकरण, समोर सहा भलेमोठे खांब. आता राज्याचं हिस्टॉरिकल कमिशन ते म्युझियम म्हणून चालवतं. त्या काळात ग्रीक स्टाइलचं इतकं वेड होतं की कोर्ट असो, चर्च असो, बँक असो की राहतं घर, पुढे खांब पाहिजेतच. आमच्या बायकोचं म्हणणं, खांब बघूनच दमायला होतं, आत शिरायची हिंमत होत नाही. तिचं बरोबरच आहे, हेतूच तो होता. पण बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं, या सगळ्या घरांच्या मागचा पैसा कापसाच्या भावावर टांगलेला असायचा आणि कापूस ज्यांच्या हातून यायचा ती माणसं हिशेबाच्या वहीत मालमत्ता म्हणून लिहिलेली असायची.

ते बघायला घराच्या मागे जावं लागतं. मागे वेगळं स्वयंपाकघर आहे, आग आणि उष्मा मुख्य घरापासून लांब राहावा म्हणून वेगळं ठेवायचे, आणि गुलामांची एक छोटी कॉटेज आहे. माझा सल्ला असा की उलटं फिरा. आधी मागची कॉटेज बघा आणि मग वळसा घालून पुढे या. पुढून मागे गेलं की कॉटेज म्हणजे आउटहाऊस वाटतं, मागून पुढे आलं की खांब वेगळे दिसतात. साउथमधल्या बऱ्याच मोठ्या घरांच्या मागे असं आता काहीच शिल्लक नाही, मागचं सगळं केव्हाच पाडून लॉन केलेलं असतं आणि गाइड फर्निचरबद्दल बोलत राहते.

याच घरात १८७० मध्ये रिचमंड पिअर्सन हॉबसन जन्मला. याची स्टोरी मात्र धमाल आहे. १८९८ च्या स्पॅनिश युद्धात क्यूबाच्या सँटियागो बंदराचं तोंड बंद करायचं म्हणून मेरिमॅक नावाचं कोळशाचं जहाज स्वतःच तिथे नेऊन बुडवायचं असा प्लॅन, हॉबसन आणि सात जण गेले, स्पॅनिश तोफांनी सुकाणू उडवलं, जहाज बुडालं पण नको तिथे, बंदर काही बंद झालं नाही आणि आठही जण कैद झाले. म्हणजे काम फसलं. पण सुटून आल्यावर माणूस देशाचा हीरो, गावोगावी सभांना बायका रांग लावून त्याचे मुके घ्यायच्या आणि पेपरवाल्यांना वर्षभराचं खाद्य मिळालं. नंतर तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला, दारूबंदीचा मोठा प्रचारक झाला, आणि मेडल ऑफ ऑनर, तिथलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं ते थेट १९३३ मध्ये.

आता याच गावात दुसरीकडे चला. खांब संपतात, रस्ता अरुंद होतो आणि शॉटगन घरं लागतात. शॉटगन घर म्हणजे एका रांगेत खोल्या, पॅसेज नाही, पुढच्या खोलीतून मधल्या, मधल्यातून मागच्या, आणि रुंदी जेमतेम एका खोलीची. पुढच्या दारातून गोळी झाडली तर भिंतीला न लागता मागच्या दारातून बाहेर जाईल म्हणून हे नाव पडलं म्हणतात. हैतीतून न्यू ऑर्लिन्समार्गे ही पद्धत साउथभर पसरली आणि तिचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे असं अभ्यासक मानतात. साधी, स्वस्त, अरुंद प्लॉटवर बसणारी. कोणी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढत नाही.

त्यातल्या एका घरात मार्च १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग रात्रभर लपून राहिले होते. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी गोऱ्यांच्या टोळीचे लोक त्यांच्या मागावर होते, बरोज कुटुंबानं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं आणि बाहेर माणसं पहाऱ्याला बसली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ एप्रिलला, मेम्फिसमध्ये त्यांना गोळी घातली. पुढे थेरेसा बरोज यांनी त्याच घराचं म्युझियम केलं, सेफ हाऊस ब्लॅक हिस्टरी म्युझियम, आणि नंतर शेजारचं शॉटगन घर त्याला जोडून जागा वाढवण्यात आली. आत गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे घर किती लहान आहे. एवढ्याशा जागेत, एवढ्या पातळ लाकडी भिंतीआड, देशातला सगळ्यात जास्त धमक्या येणारा माणूस ठेवायचा म्हणजे छाती पाहिजे. दगडी भिंती नव्हत्या, तळघर नव्हतं, शेजाऱ्यांनी तोंड बंद ठेवणं एवढंच संरक्षण.

बरोज बाईंची अजून एक गोष्ट मला या गावातल्या दुसऱ्या बिल्डिंगपाशी घेऊन जाते, ती म्हणजे कोर्टहाऊस. काउंटीच्या प्रत्येक मुख्य गावाला असतं तसं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, भारदस्त. मतदार म्हणून नाव नोंदवायला बरोज बाई दोन वर्षं परत परत जात राहिल्या आणि प्रत्येक वेळी काहीतरी खुसपट काढून परत पाठवलं जायचं. एकदा त्यांना विचारलं, या बरणीत काळ्या जेली बीन्स किती आहेत? लाल किती? ही आठवण त्यांनी नंतर आपल्या मुलीला सांगितली आणि ती रेकॉर्ड झालेली आहे. त्या काही ऐकणाऱ्यांपैकी नव्हत्या, नाव नोंदवूनच राहिल्या, १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मतदानाच्या हक्काच्या मोर्चावर हल्ला केला तेव्हाही त्या तिथे होत्या. तर कोर्टहाऊसच्या पायऱ्यांवर उभं राहून आर्किटेक्चर बघताना मला हटकून ती बरणी आठवते, काय करणार.

बरं, आता जी घरं नाहीतच त्यांच्याबद्दल. गंमत म्हणजे जगभर हेल काउंटी ज्या घरांमुळे माहीत आहे ती हीच. १९३६ च्या उन्हाळ्यात वॉकर इव्हान्स नावाचा फोटोग्राफर एका लेखकासोबत इथे आला, मासिकासाठी स्टोरी करायची होती, विषय कापसाची शेती अर्धेलीनं कसणारी गोरी कुळं. तीन कुटुंबं निवडली. त्यांच्या घरांचे फोटो तुम्ही नक्की कुठेतरी बघितलेत, रंग न दिलेल्या पाइनच्या फळ्या, भिंतीत फटी, खिळ्याला टांगलेली आडवी पट्टी आणि तिच्यामागे खोवलेले काटे-चमचे. त्या फोटोंचे प्रिंट आज मोठमोठ्या म्युझियममध्ये एसीत आहेत. घरं मात्र गेली. साहजिक आहे, कुळाचं घर कुळाचं नसायचंच, मालकाचं असायचं, मालक त्यावर एक खिळा जास्तीचा खर्च करत नव्हता आणि कुळं शहरात निघून गेल्यावर त्या फळ्या सरपणाला गेल्या नाहीतर जागच्या जागी कुजल्या. मॅग्नोलिया ग्रोव्ह त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनं आहे आणि ठणठणीत आहे.

आणि याच काउंटीत आजी-आजोबांचं शेत असलेला, १९३६ मध्येच टस्कलूसात जन्मलेला विल्यम क्रिस्टनबेरी. याचं काम मला इव्हान्सपेक्षा जास्त आवडतं, भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या. हा वॉशिंग्टनमध्ये शिकवायचा पण उन्हाळा आला की हेल काउंटीत यायचा आणि त्याच त्या इमारतींचे फोटो काढायचा, दरवर्षी, कित्येक दशकं. न्यूबर्नचं हिरवं गोदाम. जंगलातली लाल बिल्डिंग. हवाना जंक्शनची पामिस्ट बिल्डिंग. ही शेवटची मूळची त्याच्या नातेवाइकाचं किराणा दुकान, नंतर तिथे हात बघणारी मंडळी भाड्यानं राहून गेली, आणि ती गेल्यावर कोणीतरी त्यांचीच पंजाची पाटी खिडकीच्या फुटक्या तावदानात पाऊस येऊ नये म्हणून ठोकली, तीही उलटी. बोटं खाली. हात दाखवून अवलक्षण याच्याहून चांगलं काय असणार! १९६१ पासून १९८८ पर्यंतचे फोटो एकापुढे एक ठेवले की दिसतं, आधी बिल्डिंग स्पष्ट आहे, मग बाजूचं झाड मोठं होतं, मग वासे वाकतात, पत्रे सरकतात, मग झाडच जास्त आणि बिल्डिंग कमी, आणि मग नुसतं झाड. आज तिथून गाडीनं जाताना काहीच नाही, तरी मी दरवेळी ब्रेकवर पाय ठेवतो.

आता रूरल स्टुडिओ. आर्किटेक्ट लोकांना हे तीर्थक्षेत्र, बाकीच्यांना बहुतेक माहीत नसतं. १९९३ मध्ये ऑबर्न युनिव्हर्सिटीच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी ठरवलं की आर्किटेक्चरच्या पोरांनी कॉलेजात बसून मॉडेलं करण्यापेक्षा हेल काउंटीत येऊन राहावं आणि गरीब लोकांसाठी खरीखुरी घरं स्वतःच्या हातानं बांधावीत. आणि पोरांनी बांधली. गवताचे गठ्ठे रचून वरून गिलावा केलेलं घर. साधारण हजार जुने टायर मातीनं ठासून भरून, दगडासारखे घट्ट झाल्यावर त्यांच्या भिंती करून बांधलेलं चॅपल. मेसन्स बेंडचं कम्युनिटी सेंटर, त्याच्या भिंती धुमसानं ठोकलेल्या मातीच्या आणि छपराची एक बाजू शेव्ही कॅप्रिस गाड्यांच्या पुढच्या काचांची, ८० काचा शिकागोच्या भंगारवाल्याकडून १२० डॉलरला आणलेल्या. माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढवलेल्या आहेत. आणि कार्पेट हाऊस, ७२ हजार कार्पेट टाइल्स एकावर एक रचून भिंती केल्या, त्या दाबून जागेवर राहाव्यात म्हणून वर जाड लाकडी तुळई.

मॉकबी यांना २००० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पुढच्याच वर्षी ते ल्युकेमियानं गेले, आणि आर्किटेक्ट संस्थेचं गोल्ड मेडल मरणोत्तर मिळालं.

माझं या घरांबद्दल मत थोडं मिश्र आहे. हुशारी अफाट, फोटो तर काय विचारू नका. पण गरिबाच्या घरावर प्रयोग करायला नेहमीच सोपं जातं, श्रीमंत माणूस टायरचं घर दिलं तर घेणार नाही. आणि असलं घर बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, गावातला सुतार कार्पेटची भिंत कशी नीट करणार? ही शंका त्यांनाही आली असावी, कारण २००५ पासून त्यांनी २०के हाऊस सुरू केलं. हिशेब सरळ होता, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, चेकवर जगणाऱ्या माणसाला महिन्याला १०० डॉलरच्या आसपास हप्ता झेपतो, त्यात मावेल असं घर म्हणजे २० हजार डॉलरचं, १२ हजार मालाचे आणि ८ हजार मजुरीचे. टायर नाही, काचा नाही, साधी लाकडी फ्रेम, पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी आणि वारा आरपार जाईल अशी खिडक्यादारं. जुन्या डॉगट्रॉट (मधून आरपार मोकळा पॅसेज असलेली) आणि शॉटगन घरांकडूनच शिकलेले दिसतात. मासिकाच्या कव्हरवर जाणारी घरं नाहीत ही, पण मला विचाराल तर स्टुडिओचं खरं काम हेच. (बघायला गेलात तर एक लक्षात ठेवा, यात माणसं राहतात. खिडकीतून डोकावू नका, आर्किटेक्चरचे विद्यार्थी असलात तरी नाही.)

माउंडव्हिल खरं तर आधी यायला हवं होतं, टस्कलूसाहून येताना पहिलं तेच लागतं, पण घरं म्हटल्यावर मातीच्या टेकड्या कोणाच्या डोक्यात येत नाहीत. या टेकड्या नाहीत, बांधलेल्या आहेत. ब्लॅक वॉरियर नदीच्या काठी साधारण इसवी सन १००० ते १४५० च्या दरम्यान मिसिसिपियन संस्कृतीच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, गाव होतं, टोपल्या टोपल्या माती आणून २९ उंचवटे रचले, सगळ्यात उंच जवळपास ५८ फूट. वर मान्यवरांची घरं आणि खाली बाकीच्यांची कुडाची. म्हणजे या काउंटीत उंचावर कोण राहणार आणि खाली कोण हा प्रश्न मळेवाल्यांच्या कितीतरी आधीचा आहे! वर चढून उभं राहिलं की मधलं मोठं मोकळं पटांगण आणि भोवतीच्या उंचवट्यांची रांग लगेच लक्षात येते, खालून नाही येत. तिथल्या म्युझियमची बिल्डिंग १९३९ ची, मंदीत बेकार झालेल्या पोरांच्या सरकारी फौजेनं, सीसीसीनं, बांधलेली. तिथे सापडलेल्या एका दगडी चकतीवर दोन नागमोडी रॅटलस्नेक आणि मधे हाताचा पंजा, तळव्यात डोळा. १९८० मध्ये तिथल्या साठ्यातून २६४ मडकी चोरीला गेली, ३८ वर्षांनी त्यातली फक्त तीन परत मिळाली, बाकीची कोणाच्या दिवाणखान्यात आहेत देव जाणे.

शेवटी न्यूबर्न. ग्रीन्सबरोच्या दक्षिणेला, हायवे ६१ वर, २०२० मध्ये वस्ती १३३. रूरल स्टुडिओचं ठाणं इथेच. २००४ मध्ये विद्यार्थ्यांनी इथे फायर स्टेशन बांधलं, गावातली ११० वर्षांतली पहिली नवी सार्वजनिक इमारत. २०११ मध्ये शेजारीच टाऊन हॉल. सायप्रसच्या आठ-आठ इंची चौकोनी तुळया एकावर एक रचून केलेल्या भिंती, आतून बाहेरून नुसतं लाकूड, इतकी देखणी छोटी सरकारी बिल्डिंग मी तरी बघितलेली नाही. आणि समोरच्या जुन्या बँकेची २०१३ मध्ये लायब्ररी केली.

आणि याच टाऊन हॉलवरून मोठा राडा झाला. न्यूबर्नमध्ये कित्येक दशकं निवडणूकच होत नसे, एक महापौर दुसऱ्याला खुर्ची देऊन जायचा, गावात बहुसंख्य काळे आणि कौन्सिल जवळपास सगळं गोरं. २०२० मध्ये गावच्या फायर ब्रिगेडमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक ब्रॅक्स्टन यांनी रीतसर अर्ज भरला, दुसऱ्या कोणी भरलाच नाही, त्यामुळे ते आपोआप महापौर झाले, गावचे पहिले काळे महापौर. त्यावर जुन्या मंडळींनी गुपचूप स्पेशल इलेक्शन घेऊन स्वतःलाच परत नेमून घेतलं, आणि ब्रॅक्स्टन यांनी कोर्टात सांगितलं त्याप्रमाणे टाऊन हॉलची कुलुपंसुद्धा बदलली. चार वर्षं हे चाललं. २०२४ मध्ये कोर्टात तडजोड झाली, त्यांना महापौर म्हणून मान्य करावं लागलं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गावात खरोखरची निवडणूक झाली, लोकांनी रांग लावून मतं दिली आणि ब्रॅक्स्टन मोठ्या फरकानं निवडून आले. आर्किटेक्चरच्या मासिकांनी त्या बिल्डिंगच्या सायप्रसबद्दल, जोडकामाबद्दल, पडणाऱ्या उजेडाबद्दल पानंच्या पानं लिहिलीत. आता कोणी लिहिणार असेल तर दाराच्या कुलपाबद्दलही एक ओळ टाका.